अर्धे वाचलेले पत्रक

औषधाच्या खोक्यातून निघणारा तो पातळ, घड्याघड्यांचा कागद आपल्यापैकी किती जण वाचतात? मीही वाचीत नसे. परंतु काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर मी तो वाचला, आणि मोठ्याने वाचला. त्या वाचनाचा जो परिणाम झाला तो वाचकांपुढे मांडावा, असे बरेच दिवस मनात घोळत होते. प्रायश्चित्त संस्कारात जे निवेदन करावयाचे ते मी केव्हाच केले आहे. हे लेखन त्याची पुनरावृत्ती नव्हे. ज्यांच्या घरी मनाने आजारी असलेले माणूस आहे, आणि अशी घरे आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा एवढाच हेतू. ज्या कुटुंबाची ही हकीकत आहे त्याच्या अनुज्ञेने मी लिहीत आहे. ओळख पटेल असा तपशील अर्थातच गाळला आहे.

माझे धर्मग्राम म्हणजे एका गावचे चर्च नव्हे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत विखुरलेली चार-चार, पाच-पाच घरे, आणि त्यांना जोडणारी माझी मोटारसायकल. मी वाढलो वसईच्या वाडीत, जेथे एका हाकेवर दहा शेजारी धावून येतात. येथे एका घरातून दुसऱ्या घरी जाताना मध्ये ओहोळ लागतो, माळ लागतो, कधी कधी अर्धा डोंगर लागतो. भातसा आणि तानसा या धरणांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, आणि ज्या डोंगरांवरून ते येते तेथल्या बायका उन्हाळा लागला की हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. हे विषयांतर झाले खरे. पण जेथे पाण्यासाठी एवढे चालावे लागते तेथे मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचायला किती चालावे लागत असेल, याची कल्पना यावी म्हणून लिहिले. मुरबाडच्या माणसाला आधी एसटीने कल्याण गाठावे लागते, मग लोकलने ठाणे. शहापूरकराला आसनगावचे स्टेशन तरी आहे. गोळ्या आणण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत जाणाऱ्याचीही बुडते.

तर त्या पाड्यावरचा तो मुलगा. तेव्हा वय पंचवीस-सव्वीस. दिवाळीनंतर आईबरोबर वीटभट्टीवर जायचा, पावसाळ्यात घरचे थोडे भात लावायचा. एका वर्षी भट्टीवरून परतला तो गप्प. मग रात्री कोणाशी तरी भांडू लागला, जो कोणी तेथे नसे. मुकादम आपल्याविरुद्ध कट करतो आहे, विहिरीच्या पाण्यात काहीतरी घातले आहे, असे म्हणू लागला. घरच्यांनी प्रथम भगताला दाखवले, नंतर मला बोलावले. या क्रमाबद्दल माझी तक्रार नाही, कारण आम्ही दोघेही त्या आजारात सारखेच अडाणी होतो. शेवटी ठाण्याला नेल्यावर डॉक्टरांनी सांगितले: स्किझोफ्रेनिया. हॅलोपेरिडॉल नावाची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत तो शांत झाला, चार महिन्यांत आवणीला उतरला. रविवारी मिस्सेला येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला. त्याच्या आईने त्या वर्षी नव्या तांदळाची पहिली पायली वेदीपुढे आणून ठेवली.

त्या दसऱ्याला काय झाले, तर नेहमीची गोळी शहापूरच्या बाजारातल्या एका दुकानातून आणली होती, आणि दुकानदाराने पट्टीबरोबर खोके आणि खोक्यातला कागदही दिला. आईने तो जपून ठेवला. मी घरी गेलो तेव्हा माझ्या हातात देऊन म्हणाली, "फादर, यावर काय लिवलंय ते सांगा. इंग्रजी हाय." मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. मधल्या एका परिच्छेदात हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि आकस्मिक मृत्यू असे शब्द होते. ते मी मराठीत सांगितले. सांगून टाकले, असेच म्हणायला हवे. कारण पुढचे वाक्य अंकांचे आणि अटींचे होते आणि मी ते सोडून दिले. चहा आला होता. माझे लक्ष उडाले.

तिचे उडाले नाही. त्या मुलाचा बाप बेचाळीसच्या आत, भात झोडता झोडता खळ्यावर कोसळला होता. ना ताप, ना दुखणे. भारा हातात, आणि माणूस जमिनीवर. तिने माझ्या तोंडून 'हृदय' आणि 'अचानक मृत्यू' हे दोनच शब्द ऐकले. मी निघालो तेव्हा तिने मला ओट्यापर्यंत पोहोचवले, नेहमीप्रमाणे. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी बंद केली. मला सांगितले नाही, सांगायचे कशाला? तिच्या मते मीच तर सांगितले होते.

गोळी बंद झाल्यावर काही आठवडे तो अधिकच बरा दिसतो, हा या आजाराचा एक फसवा भाग आहे. सुस्ती जाते, हात थरथरायचे थांबतात, माणूस हसतो. आईची खात्री पटली की आपण योग्य तेच केले. नाताळच्या रात्री तो गाईच्या गोठ्याजवळ खूप वेळ उभा होता. मला वाटले, भक्तिभावाने उभा आहे. आता कळते की तो कोणाचे तरी ऐकत होता. पौषात म्हशाची जत्रा भरली. मुरबाड तालुक्यातली ही जत्रा म्हणजे बैलांचा मोठा बाजार, पाळणे, घोंगड्या आणि अफाट गर्दी. त्या गडबडीत तो घरातून निघून गेला.

नऊ दिवस तो सापडला नाही. पहिले दोन दिवस आम्ही जत्रेतच शोधले. मग मी मोटारसायकलवरून टोकावड्यापर्यंत गेलो, प्रत्येक टपरीवर विचारीत. त्या नऊ दिवसांत मला जे वाटले ते लिहिण्याचा प्रयत्न मी अनेकदा करून सोडला आहे. नवव्या दिवशी एका एसटी चालकाने निरोप दिला: माळशेज घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, अनवाणी एक मुलगा बसला आहे, कोणी जवळ गेले की दगड उचलतो. आम्ही गेलो. थंडीने काळानिळा, टाचेला जखम, ती चिघळलेली. त्याने मला ओळखले नाही. आईलाही ओळखले नाही. घरी आणल्यावर दोन रात्री त्याला मेढीला दोराने बांधून ठेवावे लागले, आणि ती गाठ मारणाऱ्या हातांत माझेही हात होते.

घाटातून तो जिवंत मिळाला ते त्याचे नशीब. असे रस्त्यावर भरकटलेले रुग्ण उचलून, बरे करून, त्यांच्या दूरदूरच्या गावी पोहोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था १९८८ पासून करीत आली आहे. त्यांचे कर्जतचे केंद्र आमच्या मुरबाड तालुक्याच्या शेजारीच आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी मी कौतुकाने वाचली होती. ते ज्यांना उचलतात त्यांतला एखादा माझ्या शेवटच्या बाकावरून उठून गेलेला असू शकतो, हे तेव्हा मनात आले नव्हते.

त्या दोराबद्दल थोडे लिहिले पाहिजे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये उभे राहिले. पुढची पन्नास वर्षे तेथे काय, जगात कोठेही काय, या आजारावर खरे औषध नव्हते. १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध अशा रुग्णांना दिले, आणि ज्यांना बांधून ठेवावे लागे ते उठून बोलू लागले. हॅलोपेरिडॉल १९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. आणि तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना पळता आले नाही. यात कोणत्याही धर्माने दुसऱ्या धर्माकडे बोट दाखवू नये. आमच्या घरातल्या मेढीवरही दोराचा वळ आहे.

मुलाला पुन्हा डॉक्टरांकडे नेले तेव्हा एक तरुण मनोविकारतज्ज्ञ बाई होत्या. मी सारी हकीकत सांगितली, स्वतःला न वगळता. मला वाटले, रागावतील. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही वाचलंत ते खोटं नव्हतं. पुढचं वाचायला हवं होतं." मग त्यांनी घरच्यांना विचारले, कोणाला हृदयाचा त्रास होता का, कोणी तरुणपणी अचानक गेले का, याला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का. तेव्हा आईने खळ्यावरची गोष्ट सांगितली. आजवर का सांगितली नाही, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "ह्ये डोक्याचं डाक्टर. छातीचं त्यांना कशाला सांगायचं?"

तिच्या भीतीत जे सर्वांत मोलाचे होते ते असे इतकी वर्षे तिच्यापाशीच राहिले होते. बाप तरुणपणी अचानक गेला, ही गोष्ट गोळी बंद करण्याचे कारण नव्हते. ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट होती. बाईंनी लगेच कार्डिओग्राम काढायला पाठवले, रक्तातले पोटॅशियम आणि साखर तपासायला सांगितली. पट्टी आल्यावर त्यांनी ती टेबलावर पसरून आम्हां तिघांना समजावली, आणि ते समजावणे इतके सोपे होते की मी ते येथे माझ्या शब्दांत देतो.

हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लहर. ठोका दिल्यावर हृदयाच्या स्नायूला पुढच्या ठोक्यासाठी सावरायला थोडा अवधी लागतो. लहर सुरू झाल्यापासून सावरणे पूर्ण होईपर्यंतचा काळ पट्टीवर मोजता येतो. त्याला क्यू-टी अंतर म्हणतात. हृदयाच्या गतीचा हिशेब करून पुरुषांत ते साधारणतः ४५० मिलिसेकंदांपर्यंत असावे, स्त्रियांत किंचित अधिक चालते, आणि ५०० च्या वर गेले की डॉक्टर अस्वस्थ होतात. सावरण्यासाठी पोटॅशियमला पेशीबाहेर पडावे लागते. मनोविकाराची काही औषधे ती वाट थोडी अडवतात. मग सावरायला उशीर होतो, आणि त्या उशिराच्या फटीत एखादा अवेळी ठोका पडला तर हृदय रक्त पुढे ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहण्याची भीती असते. सर्वच औषधे सारखी अडवीत नाहीत. थायोरिडाझिन नावाचे जुने औषध या बाबतीत इतके वाईट ठरले की ते बनवणाऱ्या मूळ कंपनीने २००५ साली जगभर ते विकणे थांबवले. हॅलोपेरिडॉल त्याहून पुष्कळ सौम्य, पण निर्दोष नव्हे. विशेषतः ते शिरेतून दिले तर.

मी विचारले, "मग धोका किती?" हा प्रश्न त्या दसऱ्याला मी त्या कागदाला विचारायला हवा होता. बाईंनी सांगितलेला एक अभ्यास मी नंतर शोधून वाचला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात वेन रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये छापून आला. ही औषधे घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून मरण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले, आणि जुन्या औषधांइतकेच नव्या औषधांतही. डोस जितका मोठा तितके प्रमाण अधिक. 'दुप्पट' हा शब्द ऐकला की आपले काळीज हलते. पण कशाच्या दुप्पट? औषध वर्षभर घेणाऱ्या १००० जणांमागे वर्षात सुमारे ३ मृत्यू, असा तो हिशेब होता. तीन ही तीन माणसे आहेत, त्यांच्या आया आहेत, हे मी विसरत नाही. पण मी त्या माउलीला तीन सांगितले नव्हते. मी 'मृत्यू' एवढेच सांगितले होते.

आणि दुसरे पारडे? फिनलंडमध्ये या आजाराच्या ६२,००० हून अधिक रुग्णांची वीस वर्षांपर्यंतची नोंद तपासली गेली. ते निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. जे औषध घेत नव्हते त्या काळात मृत्यूचे प्रमाण, औषध घेत असलेल्या काळाच्या तुलनेत, कितीतरी अधिक होते: वीस वर्षांच्या हिशेबात ४६ टक्के विरुद्ध २६ टक्के. म्हणजे जे हृदयाला धोका देते म्हणून आपण टाळावे, ते घेणारेच अधिक जगले. येथे घाईने टाळी वाजवू नये, असे बाईंनीच बजावले. जो नियमित गोळी घेतो त्याच्याकडे घरचे लक्ष असण्याचा संभव अधिक, तो इतर आजारांसाठीही दवाखान्यात जातो. सारे श्रेय गोळीला देता येणार नाही. पण गोळी न घेणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळते. उपाशी, अनवाणी, रात्ररात्र जागा राहून घाटाकडे चालत गेलेल्या मुलाच्या हृदयाचे त्या नऊ दिवसांत काय होत असेल, ते कोणत्याही पत्रकावर छापलेले नसते.

सेमिनरीत आम्हांला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकवले होते. एका कृतीतून चांगला आणि वाईट असे दोन्ही परिणाम निघत असतील, तर हेतू चांगल्याचा असावा, वाईटातून चांगले साधायचे नसावे, आणि चांगल्याचे वजन वाईटाच्या मानाने पुरेसे असावे. संत थॉमस अक्विनास यांच्यापर्यंत त्याचे मूळ नेले जाते. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण पडले होते. पाड्यावरच्या त्या ओट्यावर बसून मी वजन केलेच नाही. एक पारडे उचलून दाखवले आणि चहा प्यायलो.

आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली, आणि तिने मी खरोखर ओशाळलो. माझ्या स्वतःच्या हृदयात एक स्टेंट आहे. रोज सकाळी मी ॲस्पिरिनची गोळी घेतो. त्या गोळीच्या पत्रकावरही पोटात रक्तस्राव होण्याचा इशारा असतो, आणि तो रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. मी ती एक दिवसही बंद केलेली नाही. बंद करावी असे मनातही आले नाही. हृदयाच्या गोळीचा धोका आपण समजून घेतो, मनाच्या गोळीकडून मात्र निष्कलंकपणाची अपेक्षा करतो. असे का? मला वाटते, मनाचा आजार हा आजार आहे हे आपण तोंडाने म्हणतो, पण आतून पुरते मानत नाही.

बाईंनी पट्टी वाचली. अंतर ४४० होते. मर्यादेच्या आत, पण फार मोकळी जागा नाही. वडिलांची हकीकत लक्षात घेऊन त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतले, हृदयाची सोनोग्राफी करवली, ती ठीक निघाली. मग म्हणाल्या, "ज्यात काहीच धोका नाही असं औषध माझ्याकडे नाही. ज्याचा हृदयावर कमी परिणाम होतो असं आहे. ते चालेल की नाही, ते घेऊन बघावं लागेल." आणि त्यानंतर त्यांनी जे केले ते त्या साऱ्या वर्षांत आम्ही कोणीही केले नव्हते. त्या मुलाकडे वळल्या आणि त्याला विचारले, "तुला काय वाटतं? घेशील?"

आई बोलायला लागली, मीही लागलो. बाईंनी हात वर केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समजावून त्याचीच संमती घ्यायला सांगितले आहे, हे मला नंतर कळले. त्या वेळी ते केवळ सौजन्य वाटले. मुलगा बराच वेळ पट्टीकडे पाहत होता. मग म्हणाला, "आवाज येतात तेव्हा छातीत लय धडधडतं. गोळीनं एवढं कधी धडधडलं नाय." थोडे थांबून पुन्हा म्हणाला, "बा मेला तसं मरायची भीती हाय. पण बांधून ठेवत्यात त्याची जास्त हाय."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

हॅलोपेरिडॉलच्या जागी हळूहळू ॲरिपिप्राझोल आले. त्याने क्यू-टी फारशी लांबत नाही आणि वजनही सहसा फार वाढत नाही. तथापि तेही फुकट मिळाले नाही. पहिले काही आठवडे त्याला एका जागी बसवेना. मिस्सा चालू असता तो मागच्या भिंतीपाशी येरझारा घाली, आणि काही भाविकांनी माझ्याकडे नाराजीही व्यक्त केली. मी त्यांना सांगितले की तो औषधाचा परिणाम आहे, भक्तीचा अभाव नव्हे. डोस जुळवल्यावर ते शमले.

वजनाविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण आपल्या लोकांना हृदयाचा धोका म्हणजे अचानक कोसळणे एवढाच ठाऊक आहे. या आजाराच्या माणसांचे आयुष्य इतरांहून दहा ते वीस वर्षांनी कमी भरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचे एक मोठे कारण हृदयविकारच आहे. पण तो बहुतेक वेळा सावकाश येणारा: बिडी, साखर, चरबी, वाढता घेर. ओलँझापीन आणि क्लोझापीन ही औषधे गुणकारी, पण भूक आणि वजन वाढवण्यात पुढे. आमच्या भागात पंचेचाळीस किलोचा मुलगा साठ किलोचा झाला की आया आनंदतात; "अंगाला भरला" म्हणून शेजारणी कौतुक करतात. भरू द्यावा, पण वर्षातून एकदा कमरेचा घेर मोजावा, रक्तातली साखर पाहावी. अचानक येणाऱ्या मरणाला आपण घाबरतो आणि रोज चहातून आत जाणाऱ्या मरणाला साखर वाढतो.

बिडीची एक गंमत आहे, गंमत म्हणजे धोक्याची. धुरामुळे यकृत क्लोझापीन आणि ओलँझापीन ही औषधे भराभर निकालात काढते. बिडी एकदम सोडली तर तोच डोस रक्तात जास्त साचतो. आपल्याकडे राखेच्या बुधवारी बिडी सोडणारे पुष्कळ. मीच तसा उपदेश करीत आलो आहे आणि पुढेही करीन. फक्त या औषधांवर असलेल्याने व्रत घेण्यापूर्वी फादरला नव्हे, डॉक्टरांना सांगावे. क्लोझापीन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत ताप, धाप, छातीत दुखणे असे झाल्यास त्याच दिवशी दाखवावे, कारण हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मीळ पण गंभीर प्रकार त्याच काळात घडतो. पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातले पोटॅशियम घटते आणि ते अंतर लांबते. हिवतापाची क्लोरोक्विन, साध्या खोकल्याला मिळणारी ॲझिथ्रोमायसिन यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून गावच्या दवाखान्यात तापासाठी गेले तरी मनाच्या गोळीची पट्टी खिशात असावी आणि ती दाखवावी. लपवू नये. लपवण्याची सवय फार आहे आपल्याला. आणि गोळी नकोशी झाली, भीती वाटली, तरी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत विचारता येते, पैसे पडत नाहीत.

एका ठिकाणी मात्र पारडे दुसरीकडे झुकते. आमच्या वसईकडच्या मोठ्या घरांतून विस्मरणाने ग्रासलेली वृद्ध माणसे आता वाढली आहेत. रात्री ओरडतात, घराबाहेर जातात, आणि त्यांना शांत ठेवण्यासाठी हीच औषधे दिली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली याविषयी कडक इशारा दिला: सुमारे दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या वृद्धांत ४.५ टक्के मृत्यू, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के, पुष्कळसे हृदयाचे किंवा न्यूमोनियाचे. कधी ती गोळी अपरिहार्य असते. पण आजी रात्री का ओरडते, तिला दुखते आहे का, लघवीला अडते आहे का, दिवसभर कोणी तिच्याशी बोलले का, हे आधी पाहिले पाहिजे. घरच्यांची झोप आणि आजीचे हृदय या वजनात गोळी कोणासाठी आहे, हे प्रत्येक घराने आपापले विचारावे. मी त्या घरांत रात्र काढलेली नाही. सोपे उत्तर माझ्याकडे नाही.

तो मुलगा आता तिशीत आहे. भट्टीवर जात नाही. आसनगावला एका गोदामात हमाली करतो. सर्व आवाज गेलेले नाहीत. "लांबून येत्यात," म्हणतो, "आगगाडीसारखं." बिडी दोनावर आली आहे, सुटलेली नाही. दर सहा महिन्यांनी पट्टी काढतात. जुन्या पट्ट्या आईने एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवल्या आहेत. पहिल्यांदा तिने मला विचारले होते, "रेघ सरळ का नाय?" सरळ रेघ म्हणजे काय ते मी सांगितल्यावर तिने पटकन क्रूसाची खूण केली होती. आता ती स्वतः चौकटी मोजायला शिकली आहे. चुकते, पण मोजते.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिने पुन्हा एक पत्रक माझ्या हातात ठेवले. नवे खोके होते. मी ओट्यावर बसलो, चष्मा लावला, आणि तिला म्हटले, आधी चहा नको. दोन्ही बाजू वाचायला पाऊण तास लागला. मधेच मुलगा कामावरून आला, पाय धुऊन शेजारी बसला, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "फादर, ह्ये परत वाचा."